केबल काढल्यावर

३ नोव्हेंबर, सोमवार

धम्मपाल सरांनी आज दोन वह्या आणल्या. एक चाचण्यांची. तिच्यात फक्त तारीख, पेटीचा नंबर आणि निकाल. दुसरी शिल्लक होती ती मी मागून घेतली. "कशाला?" म्हणाले. म्हटलं, असंच, लिहीन काहीतरी. तर म्हणाले, "लिही. पण त्याच दिवशी लिहायचं. दुसऱ्या दिवशी माणूस सुधारून लिहितो."

म्हणून आजचं आजच.

मी तेजश्री. तेवीस पूर्ण. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला. का सोडला ते घरच्यांना अजून नीट सांगता आलेलं नाही, मलाही. मग मोबाईल रिपेरिंगच्या दुकानात सात महिने, गोकर्णला एका हॉस्टेलवर एक सीझन, मग मैत्रिणीबरोबर आठ दिवस स्पितीला म्हणून गेले ती दोन महिने तिकडेच राहिले. आता शुभदा आत्याकडे, बेव्हर्ली पार्कात. "थोडे दिवस" म्हणून आले त्याला सव्वा वर्ष होईल. आत्या एकटीच असते. शाळेत शिकवायची, आता रिटायर. तिला झोपेचा काहीतरी त्रास आहे. मी कितीही वाजता आले तरी ती जागी असते, आणि सकाळी मी उठते तेव्हा तिचा चहा झालेला असतो. वयामुळे होतं म्हणे असं.

काम काशीगावात, हायवेच्या आतल्या बाजूला एका गाळ्यात. सर, मी आणि अर्धा दिवस येणारी गिरिजाताई, ती सोल्डरिंग करते. आम्ही मच्छीमार बोटींसाठी एक केशरी पेटी बनवतो. वर लाल बटण आणि दोन दिवे. संकट आलं की बटण दाबायचं, पेटी उपग्रहातून निरोप पाठवते की बोट अमुक जागी आहे. निरोप आमच्याकडे येतो, आम्ही लगेच तटरक्षक दलाला कळवायचं. खोल समुद्रात मोबाईल चालत नाही, वायरलेस थोड्याच अंतरापर्यंत पोचतो, म्हणून ही पेटी. बाकी वेळ ती झोपलेली असते, कारण तिची स्वतःची बॅटरी महिनाभर पुरली पाहिजे. रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला ती आपली आपण उठते, "हजर" एवढाच निरोप देते आणि परत झोपते.

माझी कामं दोन. गाळ्यातल्या पेट्या झोपवून उठवून बघायच्या, आणि बोटींवरच्या पेट्यांची हजेरी मांडायची.

सर नांदेडचे. वीस वर्षं मोठ्या कंपनीत काढून स्वतःचं सुरू केलं. त्यांचा एक नियम पक्का: लेखी पुरावा नसेल तर चाचणी झालीच नाही. त्यासाठी पेटीच्या मागे केबल लावून लॅपटॉपला जोडायची. पेटी उठताना आतला एकेक भाग काय म्हणतो ते ओळीओळीने स्क्रीनवर उतरतं. ते साठवायचं, मग वहीत टिक. केबल नाही तर टिक नाही.

मला हा नियम आवडतो. माझ्या आयुष्यात असे फार नाहीत.

५ नोव्हेंबर, बुधवार

उत्तनला गेलो, पेटी नंबर चार बसवायला. आता आमच्या सहा पेट्या समुद्रात. भाईंदरहून बस चढावर गेली आणि पहिल्यांदा वास आला, मग समुद्र दिसला. बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले, लांबून मला धुतलेले मोजे वाटले. तिथे एक मांजर होतं, एका डोळ्याचं, त्याच्यामागे गेले तर सर अर्धा तास शोधत होते.

बोटीचं नाव 'गावदेवी'. तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, दत्तारामकाका, साठीचे, बोलतात कमी. त्यांची बायको सरोजामावशी, त्या सगळ्यांचं मिळून बोलतात. मावशींचा धाकटा भाऊ धाकू बोटीवर खलाशी आहे. तो मला बघून म्हणाला, "ही इंजिनेर हाय? ही तर शाळंतली वाटते."

"शाळेतलीच आहे," मी म्हटलं, "सोडलेली."

तो हसला. मग मी समजावलं. बटण दाबलं की लाल दिवा पेटतो, म्हणजे निरोप निघाला. हिरवा पेटला म्हणजे पोचला. एकदा दाबलं की बोट हलवायची नाही, कारण निरोपात जी जागा गेली तिथेच तुम्हाला शोधायला येणार.

धाकू म्हणाला, "आनि हिरवा न्हाय आला तर?"

"येतोच. ढग असले तर थोडा उशिरा."

दत्तारामकाकांनी तेवढ्यात बटण दाबून बघितलं. हिरवा यायला नऊ सेकंद लागले. ते घड्याळाकडे न बघता मनातल्या मनात मोजत होते, ओठ हलताना दिसले. म्हणाले, "नऊ. जाम झाले, पोरी. मानूस पान्यात पडला की नवात दिसंनासा होतो."

सर म्हणाले, "काका, निरोप पोचल्यावर मदतीला यायला तास लागतात. नऊ सेकंदांनी काय होणार?"

"तुमचं बरोबर हाय, साहेब," काका म्हणाले. पण त्यांचं तोंड तसं नव्हतं.

मावशींनी निघताना सुक्या जवळ्याची पिशवी दिली. बसमध्ये वासावरून एका बाईशी हिंदीत बोलाचाली झाली, मग तिनेच विचारलं, कहाँ मिला, कैसा दिया. आत्याने रात्री जवळ्याची चटणी केली.

ते नऊ सेकंद डोक्यातून जात नाहीत.

८ नोव्हेंबर, शनिवार

नवाचे चार केले.

सरांच्या भाषेत लिहिते, नाहीतर विसरेन. पेटीत एक छोटा कॉम्प्युटर आहे. त्याच्या पोटात जो प्रोग्राम सगळ्या भागांना सांभाळतो, झोपवतो, उठवतो, त्याला कर्नेल म्हणतात. आजपर्यंत तो भागांना एकामागून एक उठवत होता, रांगेत. पण त्यात अशी सोय असते की सगळ्यांना एकदम हाक मारायची. ज्याला जसं जमेल तसं त्याने उठावं. ही सोय आमच्या पेटीत बंद होती. इंटरनेटवरच्या एका फोरमवर कुणी अनोळखी माणसाने तीन ओळी लिहिल्या होत्या, त्या मी उचलल्या. दोन दिवस नुसतं वाचत होते. मधे तासभर मी ध्रुवीय अस्वलं झोपतात का ते वाचलं.

सरांनी त्या तीन ओळी तीनदा वाचल्या. "हे आपण आधी का नाही केलं?"

"कुणी शोधलं नाही म्हणून."

सरांनी केबल उचलून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "दोनशे वेळा झोपव, दोनशे वेळा उठव. केबल लावून."

आज रात्री आठपर्यंत दोनशे झाले. दोनशेच्या दोनशे हिरवे, सरासरी चार सेकंद. सर खाली जाऊन जिलेबी घेऊन आले. गिरिजाताईंसाठी बांधून ठेवली. मला म्हणाले, "तेजश्री, तुला कॉलेजने सोडलं की तू कॉलेजला?" मी म्हटलं, मी. ते म्हणाले, "त्यांचं नुकसान."

हे वाक्य मी तीन वेळा मनात म्हणून बघितलं. घरी आले तेव्हा आत्या जागी होती, तिलाही सांगितलं. ती म्हणाली, "जेवलीस का?"

१२ नोव्हेंबर, बुधवार

सहाही बोटींवर नवा प्रोग्राम चढवला. शेजारच्या चौक गावच्या दोन, बाकी उत्तनच्या. दत्तारामकाकांनी मोजलं. "चार," म्हणाले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, बर्फाने गार झालेला.

उद्या पहाटे 'गावदेवी' निघतेय, नऊ-दहा दिवसांची फेरी.

धाकूने विचारलं, लग्न झालं का. म्हटलं, बघतेय कोणी समुद्रात न जाणारा. तो म्हणाला, "तसा इथे एकच हाय, तुझं एका डोळ्याचं मांजर."

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळची हजेरी: पेटी दोन आणि पेटी चार आल्या नाहीत. संध्याकाळी चार आली, दोन आली, पाच आली नाही.

आधी असं कधी झालं नव्हतं. पण आधी मी इतकी नीट बघतही नव्हते, खरं सांगायचं तर. सकाळची हजेरी कधी कधी मी दुपारी बघायचे. निरोप आलेले असायचे, टिक मारायची.

वहीत कारणाचा रकाना आहे. मी 'ढगाळ' लिहिलं. इथे तर ऊन आहे, पण समुद्रावर असतील.

१६ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी. पेटी चार सकाळी नाही, संध्याकाळी आली. ढगाळ.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

काल गेले नाही. घोडबंदरला खाडीत एक माणूस लाकडी होडी नव्याने बांधतोय असं रिक्षावाला म्हणाला, ते बघायला गेले. होडी नव्हती, हॉटेलची सजावट होती. तिथून किल्ल्यावर गेले, तिथून चालत परत. सरांना पोट दुखतंय म्हणून मेसेज केला.

आज दोन दिवसांच्या हजेऱ्या एकदम मांडल्या. चोवीसपैकी पाच नाहीत. पाचही ठिकाणी ढगाळ लिहिलं. लिहिताना पेन जरा अडलं. पण जी पेटी सकाळी येत नाही ती संध्याकाळी येतेच, मग बिघडलेली कशी म्हणायची. बिघडलेली वस्तू बिघडलेलीच राहते, दुकानात सात महिन्यांत मी एवढं तरी शिकले.

सर वही महिन्याच्या शेवटी बघतात.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी खुर्ची फिरवताना केबलवरून चाक गेलं, टोक तुटलं. माझीच चूक. नवी केबल उद्या मिळेल. सर सुटे भाग आणायला वसईला गेलेले, गिरिजाताईंची सुट्टी. केबल नाही म्हणजे चाचणी धरायची नाही, म्हणजे मला काम नाही. मग नुसतीच गाळ्यातली पेटी सात झोपवून बटण दाबत बसले, चाळा म्हणून.

पहिल्यांदा हिरवा. दुसऱ्यांदा हिरवा. तिसऱ्यांदा लाल पेटला आणि लालच राहिला.

दहा मिनिटं वाट बघितली. लाल.

परत झोपवली, उठवली. हिरवा. असं वीस वेळा केलं. वीसपैकी चार वेळा लालच. खिडकीतून बघितलं तर आभाळात एक ढग नव्हता.

तेव्हा पावणेअकरा वाजले होते. फोन हातात घेतला, सरांचं नाव काढलं. मग वाटलं, ही एकच पेटी खराब असेल. मग वाटलं, उद्या केबल आली की नीट बघू, केबल लावून दोनशेच्या दोनशे आलेत, ते खोटं कसं असेल. सरांना आता सांगितलं तर ते वसईहून धावत येतील, हजेरीची वही मागतील. वहीत मी नऊ वेळा ढगाळ लिहिलंय. ते माझ्याकडे ज्या नजरेने बघतील ती मला आजच्या दिवशी नको होती. जिलेबीला दोन आठवडे पण झाले नाहीत.

गाळ्याला कुलूप लावलं आणि मिठागरांकडे चालत गेले. तिथे लांब पायांचे पांढरे पक्षी होते, शंभरेक तरी, सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे. एक उडाला की शेजारचा उडेल असं वाटायचं, पण नाही उडायचा. खूप वेळ बघत बसले. किती वाजले ते बघितलं नाही. घरी आले तेव्हा चार वाजून गेले होते. आत्या म्हणाली, "आज लवकर?" म्हटलं, हो, कामच नव्हतं.

उद्या सांगते.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी नऊला सांगितलं. नवी केबल त्यांच्या हातात होती, ती त्यांनी टेबलावर ठेवली आणि लावलीच नाही. पेटी सात घेतली, झोपवली, बटण दाबलं. अकरा वेळा. तीनदा लाल. मग केबल लावली, वीस वेळा दाबलं, वीस हिरवे. केबल काढली, चौथ्यांदा लाल.

"हजेरीची वही," म्हणाले.

त्यांनी बोट ठेवून वाचलं. "ढगाळ. ढगाळ. हे ढग कोणी बघितले?"

"कोणी नाही."

ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हेल्मेट घेतलं, म्हणाले, "चल." स्कूटरवर काशीगाव ते उत्तन मी त्यांच्या मागे हजेरीची वही धरून बसले होते.

सरोजामावशी बोंबील पलटत होत्या. "आली का गो मांजराला भेटायला?" म्हणाल्या. मग सरांचं तोंड बघून हात पदराला पुसले. सर म्हणाले, "वहिनी, आमच्या पेटीत दोष आहे. बटण दाबून निरोप जाईलच असं नाही. बोटींना आत्ता कळवलं पाहिजे."

जेट्टीजवळच्या खोलीत वायरलेस आहे. चार-पाच म्हातारे तिथे पत्ते खेळत होते, ते थांबले. सर त्या सगळ्यांसमोर बोलले, स्वतःच्या तोंडाने, कंपनीचं नाव घेऊन: पेटीवर भरवसा ठेवू नका. दाबल्यावर हिरवा आला नाही तर पेटीची बॅटरीची वायर काढा, दहा मोजा, परत लावा, मग दाबा. जवळच्या बोटीने ते पुढच्या बोटीला सांगितलं, तिने तिच्या पुढच्या. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून लांब लांब जाताना ऐकू येत होतं.

अर्ध्या तासाने तसंच बोटीबोटीतून उलटं उत्तर आलं. 'गावदेवी' कालपासूनच परतीच्या वाटेवर आहे. धाकूचा हात जाळं ओढायच्या विंचमध्ये गेला. काल सकाळी अकराला. लगेच बटण दाबलं. लाल पेटला. निरोप निघाला असं धरून ते थांबले. जागा सोडली तर आपल्याला शोधणार कसे, म्हणून नांगर टाकून थांबले. तीनपर्यंत. मग दत्तारामकाकांनीच ठरवलं की आता कोणी येत नाही.

सरोजामावशी खाली बसल्या. त्या बाईला मी गप्प बघितलेलंच नव्हतं.

काल अकरा ते तीन. मी त्या वेळेत कुठे होते ते वर लिहिलेलं आहे, खोडत नाही.

बोट दोनच्या सुमाराला लागली. धाकू चालत उतरला, दोघांच्या मधून. हात चादरीत गुंडाळलेला होता. माझ्याकडे बघून त्याने मान हलवली, ओळख दाखवतात तशी.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

उजवा हात मनगटाच्या वर काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, लवकर आणला असता तर प्रयत्न करता आला असता. किती लवकर, ते मी विचारलं नाही. सरांनी विचारलं. उत्तर ऐकायला मी थांबले नाही, जिन्यात जाऊन उभी राहिले.

बाकी पाचही पेट्या सरांनी बंद करायला सांगितल्या. आत्याने आज काही विचारलं नाही. ताट वाढून समोर बसून राहिली.

२३ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी असून गाळ्यात. मला वाटलं होतं सर मला काढतील. त्यांनी कुरिअरच्या पुठ्ठ्याच्या मागे चित्र काढलं आणि म्हणाले, "आधी समजून घे. जायचं तर समजून जा."

मला समजलं ते असं. पेटीतल्या भागांची एक वंशावळ असते. कोण कोणाला जोडलेला आहे, ती कर्नेलला माहीत असते. उपग्रहाशी बोलणारा रेडिओ मुख्य चिपच्या एका तारेवर बसलाय, म्हणून तो तिचं लेकरू. पण त्या रेडिओला वीज देणारा स्विच तिसऱ्याच एका बारक्या चिपवर आहे, आणि ती चिप दुसऱ्याच तारेवर. म्हणजे रेडिओ जिच्यावर जगतो ती त्याच्या वंशावळीत कुठेच नाही. कागदोपत्री दोघांचं नातंच नाही.

"झोपवताना नियम काय?" सर म्हणाले. "जो टेकून आहे तो आधी झोपणार. ज्याच्यावर टेकलाय त्याने शेवटी झोपायचं आणि सगळ्यांच्या आधी उठायचं. रांग होती तोवर ती बारकी चिप नशिबाने पुढे होती, म्हणून नऊ सेकंदांत सगळं सुरळीत. तू रांग मोडलीस. आता रेडिओ कधी कधी तिच्या आधी उठतो, वीज मागतो, द्यायला कोणी जागं नसतं. तो मान टाकतो. वायर काढून लावली की पेटी नव्याने सुरू होते. तेव्हा ज्याला जे मिळालं नाही तो परत मागून बघतो, म्हणून चालतं."

"मग केबल लावली की?"

"केबलवर प्रत्येकाने काय केलं ते लिहून पाठवावं लागतं. केबल हळू. लिहिण्यात वेळ जातो, सगळे मंदावतात, आणि तेवढ्यात बारकी चिप उठून बसते." त्यांनी पेन ठेवलं. "आपण बघत होतो म्हणून ती बरोबर वागत होती. नियम माझा होता."

मग त्यांनी लॅपटॉपवर एक फाईल उघडली. पेटीत कोण कोण आहे त्याची यादी, त्यांनीच दोन वर्षांपूर्वी केलेली. रेडिओच्या नावाखाली एक ओळ लिहिली: याची वीज त्या स्विचवरून. बस. एवढं सांगितलं की कर्नेल दोघांची गाठ बांधतो आणि रांग नसली तरी एकाला दुसऱ्यासाठी थांबवतो.

"ही ओळ तेव्हाच लिहायला हवी होती," म्हणाले. "मी. चालत होतं म्हणून लिहिली नाही."

मी म्हटलं, "पण ढगाळ मी लिहिलं."

"हो. ते तू लिहिलंस."

आणि मग मी बुधवारचं सांगितलं. पावणेअकरा, फोन हातात, पक्षी. ते सांगेपर्यंत त्यांना वाटत होतं की मला गुरुवारी सकाळी कळलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "हे मला सांगून भागणार नाही."

२७ नोव्हेंबर, गुरुवार

उत्तनला एकटी गेले. बस चुकवली, मग पुढची आली तरी चढले नाही, तिसरीने गेले.

दत्तारामकाका जाळं दुरुस्त करत होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. मावशी दारात आल्या आणि तिथेच थांबल्या. पावणेअकराला मला माहीत होतं, हे दोनदा सांगावं लागलं.

काकांनी सुई थांबवली नाही. म्हणाले, "अकराला दाबला. तू वायरलेसला सांगितलं असतंस तर बाराच्या आत कळलं असतं. आमी तवाच निघालो असतो."

"हो."

"तीन तास."

"हो, काका."

मावशी म्हणाल्या, "रडू नको इथं. रडायचं त्याने, ज्याचा गेला."

धाकू आत खाटेवर होता. आतूनच म्हणाला, "मी इचारलं होतं तिला. हिरवा न्हाय आला तर काय. इचारलं होतं."

मी म्हटलं, सरांनी आता दोष काढलाय, आता तसं होणार नाही. काका म्हणाले, "ते न्हाय. त्याने काय इचारलं, त्याचं उत्तर दे."

म्हटलं, "पाच मिनिटांत हिरवा आला नाही तर निघा. जागा सोडा. पेटी काही म्हणो."

"ते पेटीवर लिव," मावशी म्हणाल्या.

बोटीच्या रंगाचा डबा त्यांनीच आणून दिला, पांढरा, आणि एक ब्रश ज्याचे अर्धे केस गेलेले. 'गावदेवी'च्या केबिनमध्ये गुडघ्यावर बसून केशरी पेटीवर लिहिलं. हिरवा नाही तर थांबू नका. अक्षर वाकडं आलं. परत घरापर्यंत हाताला रंग होता. आत्याने रॉकेल शोधून आणलं आणि बोटं पुसून दिली. मी करते म्हटलं तरी ऐकलं नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

नवा प्रोग्राम, ती एक ओळ घातलेला. चाचण्या गाळ्यात नाही, जेट्टीला लागलेल्या 'गावदेवी'वर, आणि केबल न लावता. सर म्हणाले, टिक नाही मारली तरी चालेल, डोळ्याने बघ आणि बघितलेलं लिही.

केबल नसली की आत काय चाललंय काही कळत नाही. लाल पेटतो, मग नुसतं बसायचं. चार सेकंद फार मोठे असतात हे काकांना आधीच माहीत होतं.

एकशे साठाव्याला धाकू आला. बांधलेला हात गळ्यात. बाजूला बसला. म्हणाला, "सरक." डाव्या हाताने दाबलं. अंगठा बटणावर नीट बसेना, परत दाबलं. हिरवा आला. पुढचे चाळीस त्यानेच दाबले. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. दोनशे झाल्यावर उठला, म्हणाला, "अजून दाबशील ना उद्या?"

"हो."

"मग येतो."

९ डिसेंबर, मंगळवार

सहाही पेट्या परत चालू होऊन पाच दिवस झाले. 'गावदेवी' उद्या पहाटे निघायची आहे, धाकूच्या जागी दुसरा खलाशी घेऊन. हजेरी मी आता सहाच्या ठोक्याला बघते. पाच दिवस सगळ्या आल्या.

आज सकाळी पेटी चार आली नाही.

खिडकीतून बघितलं. आभाळ भरलेलं होतं, खरोखरचे ढग, काशीगावापासून डोंगरापर्यंत. दहा मिनिटांनी निरोप आला. उशिरा, पण आला. सर म्हणाले, "ढगच असतील."

मी रकान्यात लिहिलं: दहा मिनिटं उशीर. कारण माहीत नाही.

सरांनी ते वाचलं. मी म्हटलं, "मी उत्तनला जाऊन येते. तोंडी सांगते." ते म्हणाले, "वायरलेस आहे की." मग म्हणाले, "जा."

काकांनी ऐकून घेतलं. पेटीवरच्या पांढऱ्या अक्षरांकडे बघितलं. म्हणाले, "कारन सापडंपर्यंत न्हाय जात. दोन दिवसांनी जाऊ. बरफ वितळंल तेवढाच." नव्या खलाशाने तोंड वाकडं केलं. धाकू जेट्टीवर बसला होता, एका डोळ्याच्या मांजराला बोंबलाचं डोकं टाकत होता, डाव्या हाताने. काका माझ्याशी बोलत होते तेव्हा तो ऐकत होता. नंतर म्हणाला, "ये गो, बस."

बसले.

निघताना घरी फोन केला की सातपर्यंत पोचते. सव्वा वर्षात असा फोन पहिल्यांदाच केला असेल. सातला पोचले. पेटीची नोंद, उद्या काय काय तपासायचं त्याची यादी, सगळं जेवणाच्या टेबलावर पसरून बसले होते. आत्या समोर टीव्ही बघत होती. साडेआठला बघितलं तर खुर्चीतच झोपली होती, तोंड थोडं उघडं, चष्मा तसाच. हाक मारली तरी उठली नाही, एवढी गाढ.

तिची तब्येत बरी नसावी. सकाळी विचारते. चष्मा काढून ठेवलाय. दिवा मी मालवते.